उजेड पाडणाऱ्यांस चार शब्द

"उजेड तो उजेड, त्याचा मनाशी काय संबंध?" हा प्रश्न आदिलाबाद जिल्ह्यात नवे घर बांधणाऱ्या मंडळींकडून आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे की, तो आता प्रश्न न राहता सिद्धांत होऊन बसला आहे. गवंडी तो बोलून दाखवतो, विजेचे काम करणारा कारागीर त्याला मान डोलावतो, आणि वसतिगृहाच्या खरेदीपत्रकावर सही करणारा अधिकारी तो न बोलता आचरणात आणतो. खोली निजण्याची असो, देवाची असो, बाळंतिणीची असो वा चाळीस मुलांनी मिळून राहण्याची असो. भिंतीवर छतालगत एक पांढरीफटक नळी आणि दाराशी तिचे बटण, एवढ्यात प्रकाशयोजनेचे सारे शास्त्र आटोपते. हा सिद्धांत खोटा आहे, आणि त्याची किंमत ज्यांचा हात त्या बटणापर्यंत पोहोचत नाही त्यांना मोजावी लागते, असे आमचे म्हणणे आहे. आम्ही पेशाने वकील. तेव्हा म्हणणे मांडल्यावर पुरावा देणे आम्हांस भागच आहे.

कोकणातल्या आणि गोमंतकातल्या वाचकांस आदिलाबाद हे नाव कदाचित फारसे परिचयाचे नसेल. पैनगंगेच्या दक्षिण तीरावरचा हा मुलूख. पूर्वी तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा त्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले; उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशाच्या वाट्यास आला, २०१४ साली तेलंगणाचा झाला, आणि २०१६ साली त्याचेही चार तुकडे पडले. राजकीय नकाशा असा वारंवार फाटला, तरी बेला, जैनथ, तामसी या भागांत आजही घराघरांत मराठी बोलली जाते, आणि गोंडी, कोलामी, तेलुगू, उर्दू यांच्या शेजाराने ती सुखाने नांदते. येथला उन्हाळा पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात नेतो, आणि हिवाळ्यात सगळ्या तेलंगणात कडाक्याची थंडी पडते ती येथेच. अशा टोकाच्या हवेत माणूस घर बांधतो ते आधी ऊन अडवण्यासाठी आणि मग थंडी अडवण्यासाठी. या अडवाअडवीत उजेड बाहेरच उभा राहतो, आणि आमच्या विषयाला येथूनच सुरुवात होते.

प्रथम एका सोबत्यास बाजूस सारले पाहिजे. उजेडाविषयी कोणी तक्रार केली की एक सद्गृहस्थ लगेच आमच्या बाजूस येऊन उभे राहतात आणि कंदिलाचे गुणगान आरंभतात. त्या मंद ज्योती, त्या सांजवेळा, ते परवचे! या वकीलपत्रावर सही करण्यास आमचा साफ नकार आहे. रॉकेलच्या चिमणीने डोळे चुरचुरत, छातीत धूर जाई, भिंती काळवंडत आणि उलटलेल्या चिमणीने लेकरे भाजत. ज्यांनी आयुष्यभर त्या धुरात भाकऱ्या थापल्या त्यांना कोणी कंदिलाचे काव्य ऐकवू नये. वीज आली हे उत्तम झाले. ती आणखी आधी यावयास हवी होती. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या उजाला योजनेतून देशभरात ३६ कोटींहून अधिक एल.ई.डी. दिवे स्वस्तात वाटले गेले. विजेची बचत झाली आणि गरिबाच्या घरी स्वच्छ दिवा आला. याबद्दल आमच्या मनात कृतज्ञताच आहे.

जुन्या घराबद्दलही तेच. ओसरीवर भरपूर उजेड असे, कारण तेथे पुरुष बसत, हिशेब लिहीत, पाहुण्यांना पान देत. त्यामागे माजघर, तेथे अंधूक. त्यामागे स्वयंपाकघर, तेथे धुराड्यातून झिरपेल तेवढे. आणि सर्वांत आतली, सर्वांत काळोखी कोठडी कोणाची? नुकत्याच बाळंत झालेल्या बाईची. महिना महिना तिने दिवस पाहू नये असा कडेकोट बंदोबस्त. बाळंतपणानंतर बायका उगीच रडतात, खिन्न होतात, कोणाशी बोलत नाहीत, हे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना पक्के ठाऊक होते. त्यावर धुरी, अंगारे, उतारे सगळे झाले. खिडकी पाडण्याचे मात्र कोणाला सुचले नाही. तेव्हा घरातील उजेडाची वाटणी हा आमच्याकडे पूर्वापार मानाचा, म्हणजेच सत्तेचा प्रश्न होता. ज्याचा मान मोठा त्याचा उजेड मोठा. विजेने ही वाटणी मोडेल अशी अपेक्षा होती. पण आजही नव्या सिमेंटच्या घरात दिवाणखान्यास दोन मोठ्या खिडक्या आणि स्वयंपाकघरास एक वीतभर झडप, हाच आराखडा सर्रास दिसतो. ओट्यापुढे उभी राहणारी बाई आपल्या पाठीवर पडणाऱ्या नळीच्या प्रकाशात, स्वतःच्याच सावलीत भाजी चिरते. ओट्यावर नेमका उजेड पाडणारा एक लहान दिवा लावायला खर्च कितीसा? पण दिवाणखान्यात झुंबर आहे ना! दिव्याखाली अंधार ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, तो बहुधा स्वयंपाकघरातूनच बाहेर आला असावा.

आता मुद्द्याकडे वळू. मनुष्याच्या डोळ्यात वस्तू पाहण्याची यंत्रणा आहे हे सर्वांस ठाऊक होते. परंतु वस्तू न पाहता केवळ दिवस आहे की रात्र आहे एवढेच मेंदूस कळवणाऱ्या काही निराळ्या पेशीही दृष्टिपटलात असतात, हे २००२ साली डेव्हिड बर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. या पेशींत मेलॅनॉप्सिन नावाचे द्रव्य असते आणि ते निळसर प्रकाशाने, साधारणपणे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, सर्वाधिक चाळवते. त्या प्रकाशाची वर्दी पोहोचली की मेंदू "दिवस आहे" असे समजतो आणि निद्रेची तयारी करणारे मेलॅटोनिन रोखून धरतो. २०१७ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक शरीरातील या दैनंदिन घड्याळाची घडण उलगडणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग या तिघांस मिळाले. म्हणजे आमचा विषय काही रिकामटेकड्या रसिकांचा नव्हे.

या घड्याळास दिवसा किती उजेड हवा आणि रात्री किती सोसतो? २०२२ साली या विषयातील शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या मंडळाने आकडे सुचवले. उजेड टेबलावर न मोजता डोळ्यापाशी मोजावा, आणि त्या निळ्या भागास अधिक वजन देऊन मोजावा. अशा मापाने दिवसा निदान २५० लक्स असावेत, निजण्यापूर्वीच्या तीन तासांत १० हून अधिक नसावेत, आणि झोपेच्या खोलीत १ हून अधिक नसावा. आता आमच्या घराकडे पाहा. बाहेर स्वच्छ दिवसाच्या सावलीत सुमारे दहा हजार लक्स उजेड सांडलेला असतो. आणि आत? वैशाखात दारे-खिडक्या बंद, त्यांवर जाड पडदे, खिडकीत कूलर ठोकलेला; दुपारी दोन वाजता घरात पन्नास लक्सही भरत नाहीत. सूर्य मावळला की ती पांढरी नळी पेटते आणि रात्री अकरा वाजेपर्यंत दहाच्या कित्येक पट उजेड डोळ्यांत ओतत राहते. दुकानात "थंड पांढरा" म्हणून विकला जाणारा ६५०० केल्विनचा दिवा आणि "उबदार पिवळा" म्हणून विकला जाणारा २७०० केल्विनचा दिवा, दोन्हींचा उजेड सारखाच भरला तरी पहिल्याचा त्या घड्याळावरील परिणाम साधारण दुप्पट. थोडक्यात, आम्ही दिवसा गुहेत राहतो आणि रात्री उन्हात बसतो. मग मूल झोपत नाही म्हणून त्याला धपाटा मिळतो, म्हाताऱ्याला रात्रभर डोळा लागत नाही म्हणून गोळी मिळते, आणि सकाळी सगळे घर एकमेकांवर खेकसत उठते.

येथे प्रतिपक्षाचे विद्वान वकील उभे राहतील आणि म्हणतील, झोपेचे ठीक आहे. पण मनाचे काय? सुखदुःखाचा आणि खिडकीचा संबंध दाखवा. दाखवतो. कॅनडातील एडमंटन येथील एका रुग्णालयातील नोंदी १९९६ साली प्रसिद्ध झाल्या. तीव्र विषण्णतेच्या रुग्णांपैकी ज्यांना उन्हाच्या खोल्या मिळाल्या होत्या त्यांचा मुक्काम सरासरी १६.९ दिवसांचा, आणि ज्यांना अंधाऱ्या खोल्या मिळाल्या त्यांचा १९.५ दिवसांचा. कोणाला कोणती खोली मिळावी हे काही रोग पाहून ठरवलेले नव्हते; जी रिकामी होती ती मिळाली. २००१ साली मिलान येथील बेनेदेत्ती आणि सहकाऱ्यांनी असेच पाहिले: द्विध्रुवी विकारातील विषण्णतेचे जे रुग्ण पूर्वेकडील खोल्यांत होते, ते पश्चिमेकडील खोल्यांतील रुग्णांपेक्षा सरासरी ३.६७ दिवस आधी घरी गेले. औषध तेच, डॉक्टर तेच. फरक सकाळच्या उन्हाचा. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ सालच्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकात रुग्णास मोकळ्या हवेखालोखाल उजेड लागतो असे लिहून ठेवले होते. आमच्या भाषेने तर हे शास्त्रज्ञांच्याही आधी नोंदवले आहे. "कातरवेळ" हा शब्द पाहा. उजेड एका विशिष्ट रीतीने उतरू लागला की मनात एक विशिष्ट हुरहूर दाटते, हे ज्या समाजाने एका शब्दात बांधून ठेवले, त्याला उजेडाचा आणि मनाचा संबंध पुन्हा सिद्ध करून दाखवावा लागावा, हे नवलच म्हणायचे.

परंतु पुराव्याहून पुढे जाण्याची आमची इच्छा नाही. नवरा-बायकोच्या खटल्यांत भांडण किती वाजता झाले असे विचारले, तर उत्तर बहुधा "रात्री नऊ-दहाच्या सुमारास" असे येते. त्यावरून ट्यूबलाइट हेच घटस्फोटाचे कारण असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो काकतालीय न्याय होईल. नऊ-दहाच्या सुमारास भांडणे होतात, कारण त्याच वेळी दोघे घरी असतात. आमचा दावा याहून पुष्कळ लहान आहे, आणि म्हणूनच तो टिकण्यासारखा आहे: दिवसभर दमलेल्या माणसांस संध्याकाळी ज्या खोलीत एकत्र बसायचे, ती खोली त्यांच्या शरीरास विश्रांतीची खूण देणारी असावी, परीक्षा चालू असल्याची देणारी नसावी.

आता त्या प्रसिद्ध आक्षेपाचा समाचार घेऊ. "साहेब, आमच्याकडच्या उन्हाळ्यात पिवळा दिवा पाहूनच घाम फुटतो, पांढऱ्याने गार वाटते." हा युक्तिवाद करणारा मनुष्य खोटे बोलत नाही, त्याला तसे खरोखरच वाटते. जुना तारेचा बल्ब विजेचा बहुतेक भाग उष्णतेतच घालवी. त्याच्या पिवळेपणाशी ऊब जोडली गेली ती तेव्हापासून. परंतु आजचा पिवळा एल.ई.डी. पांढऱ्यापेक्षा खोली तापवीत नाही. उरली भावना. तिचाही विचार व्हावा. १९४१ साली फिलिप्सच्या प्रयोगशाळेतील क्रूइटॉफ यांनी असे मांडले की, भरपूर उजेड असता निळसर पांढरा रंग सुखाचा वाटतो, पण उजेड कमी असता तोच रंग निस्तेज आणि प्रेतकळेचा वाटतो. मंद उजेडास उबदार रंगच शोभतो. पुढील संशोधकांनी त्यांच्या आलेखावर पुष्कळ शंका घेतल्या आहेत, आणि तो आलेख आम्ही वेदवाक्य म्हणून पुढे करीत नाही. पण स्वस्तातल्या एकाच पांढऱ्या दिव्याच्या अपुऱ्या उजेडात बसलेल्या माणसांचे चेहरे ज्याने पाहिले आहेत, त्याला आलेखाची गरज पडू नये. शिवाय उन्हाळ्याचा आक्षेप उन्हाळ्यापुरता. पौषात, पारा एक-आकडी झालेला असताना, गोधडीत गुरफटलेले घर त्याच गार उजेडात का बसते, याचे उत्तर आम्हांस अद्याप कोणी दिलेले नाही.

दुसरा पक्ष याहून चतुर आहे. तो आमचे सगळे मान्य करतो आणि लगेच खिशातून दरपत्रक काढतो. आदिलाबाद शहरात काय किंवा निर्मळ, मंचेरियाल येथे काय, नव्या बंगल्यांत हल्ली छताखाली दुसरे खोटे छत लावतात. त्यात वीस-पंचवीस दिवे पेरतात आणि कडेने रंग बदलणारी पट्टी फिरवतात. हातात एक यंत्र देतात. निळे करा, जांभळे करा, गुलाबी करा. याचे नाव म्हणे मनःस्थितीनुसार प्रकाश. आम्ही अशा एका दिवाणखान्यात तासभर बसून आलो. यजमान मोठ्या हौसेने रंग बदलीत होते आणि आम्हांस वरातीच्या गाडीत बसल्यासारखे वाटत होते. या मंडळींनी खरोखर उजेड पाडला, यात शंका नाही! पण त्या पंचवीस दिव्यांत पुस्तक वाचण्याजोगा एकही नव्हता, आणि सगळे एकाच बटणावर. मन म्हणजे काही रंगीत सरबत नव्हे की जसा रंग मिसळाल तशी चव येईल. मनास लागते ते साधे आहे: सकाळी खिडकीतून पुरेसे आकाश, काम असेल तेथे नेमका उजेड, तिन्हीसांजेनंतर खाली उतरलेला, डोळ्यांच्या पातळीखालचा, मंद उबदार दिवा, आणि तो कमी-जास्त करण्याचा, मालवण्याचा हक्क स्वतःच्या हाती. यातले काहीही विकत घेण्यास खोटे छत लागत नाही.

खाली उतरलेला दिवा हा शब्दप्रयोग आम्ही जाणूनबुजून केला. आपल्याकडचे जुने दिवे पाहा: कोनाड्यातली पणती, देवापुढची समई, साखळीने हवी तेवढी खाली घेता येणारा लामणदिवा, आणि गोमंतकातली ती घाटदार दिवली. यातला एकही दिवा छताला चिकटून साऱ्या खोलीवर पहारा करीत नाही. प्रत्येकाचे आपले वर्तुळ आहे आणि वर्तुळाबाहेरच्या अंधाराची त्याला लाज वाटत नाही. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील, आता कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडणाऱ्या उशेगाव आणि केसलागुडा या गावांतील ओझा कारागीर मेणाचा साचा वितळवून पितळेचे दिवे, घंटा आणि गोंडांच्या देवतांच्या मूर्ती घडवतात. त्यांच्या या डोकरा कामास २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आज ते दिवे शहरात जातात आणि काचेच्या कपाटात, वरून पांढरा झोत सोडून, शोभेसाठी ठेवले जातात. दिव्याला उजेड दाखवण्याचा हा प्रकार पाहून ज्याने तो घडवला त्याला काय वाटत असेल कोण जाणे. याच जिल्ह्यात, इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूर येथे, मेश्राम कुळातील गोंड दरवर्षी पौष अमावास्येच्या रात्री नागोबाची महापूजा करतात. वर्षातली काळोखी, गारठ्याची रात्र त्यांनी सणाला निवडली. त्यांना अंधाराचे भय नव्हते आणि उजेडाची हावही नव्हती. आमच्याही घरी आषाढी अमावास्येस, दिव्यांच्या अवसेला, घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडून पूजण्याची चाल आहे. त्या दिवशी नळी काढून पाटावर ठेवणारा गृहस्थ आम्ही अजून पाहिला नाही. तिची गरज सर्वांना आहे. आपली ती कोणालाच वाटत नाही.

उपाय अवघड आहेत म्हणावे, तर तेही नाही. ऊन अडवून उजेड आत घेण्याची विद्या आमच्याच पूर्वजांपाशी होती. कौलारू घरात आढ्यालगत दोन काचेची कौले बसवली की माजघर उजळते आणि तापतही नाही. वाड्याचा चौक काय, गोमंतकातील घराचे राजांगण काय, घराच्या पोटात आकाश आणून सोडण्याचीच ती युक्ती. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची पातळ तावदाने बसवीत. त्यांतून येणारे ऊन दुधासारखे मऊ होऊन जमिनीवर पसरते. आदिलाबादच्या सिमेंटच्या घरात उत्तरेकडच्या भिंतीला छतालगत एक आडवी खिडकी घेतली, तर वैशाखातही ऊन न येता उजेड येईल. राष्ट्रीय इमारत संहितेने तर कोरड्या उष्ण हवामानात खिडक्यांचे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या निदान एक दशांश असावे असे सांगून ठेवले आहे. पण संहिता कपाटात, आणि गवंड्याची दोरी भिंतीवर.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर आमच्या पेशाचीही थोडी झडती घेऊ. १८८२ च्या इझमेंट्सच्या कायद्याने, ज्याला आपल्याकडे कोणी सुखाधिकाराचा कायदा असेही म्हणतात, वीस वर्षे निर्वेधपणे उपभोगलेल्या खिडकीच्या उजेडावर वहिवाटीचा हक्क मान्य केला. शेजाऱ्याने भिंत चढवून तो उजेड तोडला, तर दाद मागता येते. १९४८ च्या कारखाना अधिनियमाचे सतरावे कलम त्याहून पुढे गेले होते: कामगारास पुरेसा आणि योग्य उजेड द्यावा, एवढेच न म्हणता त्याच्या डोळ्यांवर तिरीप येऊ नये याचीही तजवीज करावी, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. तो कायदा पुढे २०२० च्या संहितेत विलीन झाला. म्हणजे घरमालकाच्या खिडकीची कायद्याला काळजी आहे, आणि आदिलाबादच्या जिनिंग कारखान्यात सरकीची धूळ खात उभ्या असलेल्या कामगाराच्या डोळ्यांची, निदान कागदावर तरी, आहे. मग वसतिगृहात निजणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाची का नसावी? तो कोणाच्या मिळकतीचा मालक नाही आणि कोणाच्या कारखान्यात कामाला नाही, हाच काय तो त्याचा अपराध!

डोंगरातल्या गोंड-कोलामांची मुले घर सोडून निवासी शाळांत येतात. आईपासून दूर, परक्या भाषेत, परक्या अन्नावर. घरी त्यांची रात्र काळोखाची होती. चुलीतले निखारे विझत आणि त्यांबरोबर डोळे मिटत. येथे? अशी जी काही निजण्याची दालने आम्ही पाहिली, त्यांत रात्रभर एक-दोन नळ्या जळत होत्या. कारण विचारले तर "देखरेखीसाठी". बटण बाहेर, व्हरांड्यात. एका मुलाने चादर डोक्यावरून ओढून घेतली होती. दुसऱ्याने डोळ्यांवर सदरा बांधला होता. रात्री लघवीला उठणाऱ्या मुलास वाट दिसली पाहिजे, साप-विंचवाचे भय आहे, ही अडचण खरी आहे, आणि ती हसण्यावारी नेण्याचा आमचा हेतू नाही. पण वाट दाखवण्यास वाटेवर दिवा लागतो, डोळ्यांवर नव्हे. जमिनीपासून हातभर उंचीवर, दाराकडे जाणाऱ्या बोळात, झाकण घातलेला एक अर्ध्या वॅटचा पिवळा दिवा ते काम करतो. आणि हेच मूल सकाळी आठ वाजता अशा वर्गात जाऊन बसते जेथे खिडक्या अर्ध्या रंगवून टाकलेल्या आहेत, मुलांचे लक्ष बाहेर जाऊ नये म्हणून. नंतर शिक्षक तक्रार करतात की डोंगरातली पोरे वर्गात पेंगतात, त्यांना अभ्यासाची गोडी नाही. आरोपीची उलटतपासणी झाली. साक्षीदाराची मात्र कोणी केली नाही.

आमची मागणी म्हणून फार मोठी नाही. पांढरा दिवा आणि पिवळा दिवा यांच्या किमतीत नाव घेण्याजोगा फरक नाही. वीजही तितकीच लागते. अभ्यासाच्या खोलीत भरपूर पांढरा उजेड खुशाल ठेवावा, वर्गाच्या खिडक्यांवरचा रंग खरवडून काढावा, प्रार्थना उघड्या अंगणात सकाळच्या उन्हात घ्यावी. निजण्याच्या दालनासाठी पुढच्या वेळी खरेदीपत्रक निघेल, तेव्हा त्यातील "६५०० केल्विन" हा आकडा खोडून "२७०० केल्विन" लिहावा, बोळासाठी झाकणाचे चार छोटे दिवे वाढवावे, आणि विजेच्या कारागिरास सांगून दालनाचे बटण व्हरांड्यातून आत, मुलांच्या हाताला येईल इतक्या उंचीवर घ्यावे. यासाठी विधिमंडळाचे अधिवेशन लागत नाही. अधीक्षकाची सही आणि कारागिराची एक दुपार पुरते.